शाळा अंगणात गेली तेव्हा

भिवंडी तालुक्यातलं दापोडे आज गोदामांसाठी ओळखलं जातं. मुंबईच्या वेशीवर जकात भरावी लागायची तेव्हा व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर साठवायला सुरुवात केली. 2017 मध्ये जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. अशा गावातून पदवी करणाऱ्यांच्या मुख्य विषयाला नव्या शैक्षणिक धोरणात मायनरची, म्हणजे दुय्यम विषयाची, जोड मिळाली आहे. शिक्षणशास्त्र हा मायनर घेणाऱ्याला एक प्रश्न हमखास भेटतो: शिकणं समाजावर किती अवलंबून असतं? जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्यात या प्रश्नाचा अभ्यास 1945 पासून प्रत्यक्ष रानात झाला आहे.

त्या वर्षी ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम आणि मग दादरचं शिशुविहार, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या मजूरवस्तीत सुरू केलेली पद्धत आपल्याकडे पांढरपेशांच्या बालमंदिरांत स्थिरावली होती. महागडी साधनं, स्वच्छ कपड्यातली मुलं, सोडायला-न्यायला माणूस. ताराबाईंना ती पुन्हा गरिबांच्या दारी न्यायची होती.

त्याच 1945 मध्ये, त्याच भागात, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि त्यापायी नवरा-बायकोनं त्याच्याच शेतावर राबायचं. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या घरात आई-बापाचा दिवसच स्वतःचा नाही, तिथून पोर वेळेवर शाळेत कसं यायचं?

ते आलंच नाही. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच पाड्यावर घेऊन गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, आधी हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. विकतच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती. मोजणी बियांवर, रंगांची ओळख पानाफुलांवर. मध्यवर्ती बालवाडीहून वेगळ्या या शाळेचं नाव पडलं अंगणवाडी.

परिस्थिती शिक्षणाच्या आड कशी येते, हे अनुताईंना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. 1910 मध्ये जन्मलेल्या अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं.

1957 मध्ये ताराबाईंचं बोर्डीचं केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर हवंच होतं, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणारी मुलगी अक्षरं कधी गिरवणार? गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली: जिथे गुरं चरतात तिथेच पाटी. वेळापत्रक घंटेऐवजी गुरांवर बेतलं गेलं.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचलं. नाव पोहोचलं, तरी पाड्याचं वेळापत्रक त्यासोबत सगळीकडे गेलं असं म्हणता येत नाही.

भिवंडी-वसईच्या पट्ट्यात हाच पेच वीटभट्ट्यांवर वेगळ्या रूपात उभा राहिला. बयाणा घेऊन जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं जवळजवळ अख्खं दुसरं सत्र यात जातं. हजेरीपटावर नाव गावात, मूल भट्टीवर. विटा रचून केलेल्या तात्पुरत्या झोपडीला तिथे भोंगा म्हणतात. विवेक पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच वर्ग भरवले, त्यांना भोंगाशाळा हेच नाव मिळालं.

2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. आता भट्ट्यांच्या जोडीला गोदामं आहेत, आणि कामासाठी परराज्यांतून येणारी कुटुंबंही. त्यांच्या मुलांच्या घरची भाषा मराठी असेलच असं नाही. म्हणून दापोड्याच्या आसपास मायनरचा प्रकल्प करणाऱ्याला पटावरच्या आकड्यांइतकंच आई-बापाच्या कामाच्या पाळीचं वेळापत्रकही तपासावं लागेल.