पुंगोलवरचं आभाळ कुणाचं?

पुंगोलमध्ये राहणाऱ्यांना लढाऊ विमानांचा आवाज नवा नाही. दक्षिणेला काही किलोमीटरवर पाया लेबार हा हवाई दलाचा तळ आहे. त्याचं कुंपण तुमच्या ब्लॉकपर्यंत येत नाही, पण त्याचे नियम येतात. विमानांना मोकळी वाट हवी म्हणून भोवतालच्या मोठ्या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. पुण्यात विमाननगर किंवा धानोरीत घर घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लोहगावच्या तळामुळे तिथेही बिल्डरला किती मजले चढवायचे हे विचारूनच ठरवावं लागतं.

2013 मध्ये पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी हा तळ 2030 नंतर हलवण्याची घोषणा केली. मोकळी होणारी जमीन सुमारे 800 हेक्टर. 2022 मध्ये आकडा आला: तळ आणि आसपास मिळून सुमारे दीड लाख घरं. शिवाय उंचीची बंधनं सुटली की शेजारच्या वस्त्याही वर वाढू शकतील. म्हणजे एक तळ बंद होताना जमिनीपेक्षा जास्त आभाळ मोकळं होतं, आणि सिंगापूरसारख्या देशात आभाळालाही भाव असतो.

पण ही जागा आधीपासून लष्करी नव्हती. कलांगचा विमानतळ अपुरा पडू लागला म्हणून दलदलीत भराव टाकून, तिथल्या कुटुंबांना हलवून, 1955 मध्ये पाया लेबार विमानतळ सुरू झाला. 1981 मध्ये चांगी आला आणि पाया लेबार हवाई दलाकडे गेला.

आता मागे राहिलेल्या कलांगकडे बघा, कारण विमानतळाचं गाव करण्याचा धडा तिथेच आहे. बंद झालेल्या त्या जागेवर 1950 च्या दशकात सरकारी इमारती उभ्या राहिल्या. 'ओल्ड एअरपोर्ट रोड' हे नाव राहिलं (खाऊगल्ली म्हणून तुम्हाला माहीत असेलच), आणि 'डाकोटा क्रेसेंट' हे विमानाचं नावही. डाकोटा क्रेसेंटच्या जुन्या 17 इमारती 2016 पर्यंत रिकाम्या करून घेतल्या. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा 2017 मध्ये त्यातल्या 6 वाचवायचं ठरलं. तोवर बरेचसे म्हातारे भाडेकरू जवळच्या कॅसिया क्रेसेंटमध्ये गेले होते. भिंती राहिल्या, शेजार गेला.

पाया लेबारच्या सुरुवातीच्या संकल्पनाचित्रांत जुनी धावपट्टी लांबलचक हिरवा पट्टा म्हणून दिसते, जुनं टर्मिनलही जपण्याचा विचार आहे. मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू? पण धावपट्टी जपणं त्यातल्या त्यात सोपं. ती आहे तिथेच असते, भाडं थकवत नाही, तिला दुसरीकडे घर द्यावं लागत नाही. 1955 च्या आधी तिथून उठवलेल्या घरांचा पट्टा मात्र त्या चित्रांत मला कुठे सापडला नाही.