औषध की शृंगार?

मंडळी, इथे अंबडच्या एमआयडीसीत पाळी सुटली की पोरींच्या पर्समध्ये डब्याशेजारी हल्ली सीरमची बाटलीही असते. बाटली अंगठ्याएवढी, किंमत दिवसाच्या मजुरीएवढी. आम्ही नावं ठेवत नाही. ही हौस कुठून आली, एवढंच पाहू.

1952 साली टाटांनी लॅक्मे काढली. परदेशी प्रसाधनांवर जाणारं परकीय चलन वाचवायचं होतं. नाव मात्र फ्रेंच संगीत नाटकाचं. आणि त्या नाटकातली लाक्मे म्हणजे मुळात आपली लक्ष्मीच! त्याच वर्षी मुंबईतच केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केली. 1975 मध्ये त्यांचं हळदीचं क्रीम आलं आणि खरी गंमत झाली. अबकारी खातं म्हणे, हे प्रसाधन. कंपनी म्हणे, आयुर्वेदिक औषध. प्रसाधनावर कर जास्त, कारण सरकारच्या लेखी नटणं म्हणजे चैन. खटला वर्षानुवर्षं चालला. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचंच म्हणणं उचलून धरलं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अशा वादाला वर्गीकरणाचा प्रश्न म्हणत असू. तिथे प्रश्न कराचा होता, आज तो कातडीचा आहे. गोरं व्हायला म्हणून पोरी स्टेरॉइडची मलमं लावतात. ती खरोखरीची औषधं, वापर मात्र पावडरीसारखा रोजचा. कातडी पातळ होते, लाल पडते, बंद केलं की आणखी भडकते. 2018 पासून त्यातली बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, असा नियम आहे. चिठ्ठी मागणारे दुकानदार किती, ते तुम्हीच सांगा.