शून्य कुठे लिहू नये?

किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. कोणी काय नेले, तेवढेच तो लिहितो. काय नेले नाही तेही लिहू लागला, तर दुकान वह्यांनीच भरेल! संगणकाला हे शहाणपण यायला मात्र 1950चे दशक उजाडावे लागले.

अमेरिकेतील रँड या संस्थेत हॅरी मार्कोविट्झ आणि त्यांचे सहकारी तेव्हा उद्योगांच्या उत्पादनक्षमतेची गणिते मांडत होते. त्यांची आडव्या ओळींची आणि उभ्या स्तंभांची कोष्टके त्या काळच्या यंत्रांना पेलवेनात. मार्कोविट्झ यांच्या ध्यानात आले की, बहुतेक घरांत शून्यच आहे. अशा कोष्टकांना त्यांनी ‘विरळ’ म्हटले. 1957 सालच्या निबंधात त्यांनी आणखी एक मर्म सांगितले. समीकरणे सोडवताना एकेक अज्ञात संख्या बाजूला काढावी लागते. तिथे क्रम चुकला, तर रिकामी घरे भरत जातात.

समजा, एका वीजकेंद्राला शंभर गावे जोडली आहेत. आधी केंद्रच हिशेबातून काढले, तर प्रत्येक गावाचे इतर नव्व्याण्णव गावांशी नाते मांडावे लागते. आधी गावे काढली, तर एकही नवी नोंद वाढत नाही. वीजजाळ्यांच्या हिशेबात हा विचार विल्यम टिनी आणि वॉकर यांनी 1967 साली नेटकेपणाने मांडला, आणि मोठ्या जाळ्यांची गणिते आटोक्यात आली.

आजच्या सॉफ्टवेअरमध्येही ही वही असते. हजार ओळी आणि हजार स्तंभ म्हणजे दहा लाख घरे. प्रत्येक ओळीत चारच संख्या असतील तर तीन याद्या पुरतात: संख्या, तिचा स्तंभ आणि ओळ कुठे सुरू होते ती जागा. एकूण नोंदी सुमारे 9000.

मात्र एक अडचण राहते. गिऱ्हाइकाचे पान चटकन उघडते, पण ‘साखर कोणी कोणी नेली?’ असे विचारले, तर सारी वही चाळावी लागते. ओळींनुसार लिहिलेल्या कोष्टकात स्तंभ शोधणे असेच जिकिरीचे. म्हणून मॅटलॅबसारख्या प्रणालीने विरळ कोष्टके स्तंभांनुसार ठेवली. कोणता प्रश्न वारंवार विचारला जाणार, हे ओळखूनच वही आखावी लागते.

मार्कोविट्झ यांना 1990 साली नोबेल मिळाले ते गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी. 2023 साली ते गेले. त्यांची ही दुसरी कामगिरी फारशी कोणाला ठाऊक नाही. पण दिवा लावताना तिची आठवण ठेवायला हरकत नाही.