साल्हेर-सालोटा : दोन शिखरे, तीन दिवस

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात गुजरातमधील डांगच्या सीमेलगत साल्हेर आणि सालोटा ही दोन शिखरे एका खिंडीच्या दोन बाजूंना उभी आहेत. १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. राज्यातील शिखरांत १,६४६ मीटरच्या कळसूबाईनंतर त्याचाच क्रमांक लागतो. सालोटा उंचीने त्याहून कमी असला, तरी चढाईला अधिक अवघड आहे. बहुतेकांचे नियोजन नेमके येथेच फसते. सारी शक्ती साल्हेरसाठी राखून ठेवली जाते आणि सालोटा 'जमल्यास करू' म्हणून शेवटी ढकलला जातो. प्रत्यक्षात क्रम उलटा हवा.

नाशिकहून सटाणा सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तेथून ताहाराबाद, मुल्हेरमार्गे वाघांबे गाव गाठता येते. साल्हेरवाडी त्याच्या पुढे, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आहे. वाघांबेहून चढून साल्हेरवाडीत उतरणे हा सर्वांत सोयीचा बेत. मात्र वाहन स्वतःचे असल्यास ते उतरण्याच्या गावी कसे पोहोचणार, हे आधी ठरवावे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांनी पहिला दिवस प्रवासातच जाणार, हे गृहीत धरून वाघांब्यात मुक्काम करावा. रात्रभर गाडीत बसून पहाटे थेट चढाईला भिडण्याची प्रथा शनिवार-रविवारच्या गणितातून आली आहे. डोंगराला ते गणित मान्य नसते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाल्यास दीड-दोन तासांत खिंडीत पोहोचता येते. येथे जड पिशव्या ठेवाव्यात, त्यांच्यापाशी एका सोबत्याला बसवावे आणि पाणी व दोर एवढेच घेऊन सालोट्याकडे वळावे. वाट प्रथम घसाऱ्याची आहे. पायाखालचा मुरूम सरकतो, आधाराला वाळलेल्या गवताखेरीज फारसे काही नसते. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्या ठिकठिकाणी झिजल्या आहेत आणि एका बाजूला दरी आहे. दोराशिवाय हे अंतर पार करणारे अनेक आहेत, परंतु गटात एकही नवखा असेल तर दोर नेलाच पाहिजे. चढताना जिथे हात टेकले, तिथेच उतरताना पाय चाचपडतात. म्हणूनच सालोटा सकाळी, अंगात ताकद असताना करावा. दरवाजे, पाण्याची टाकी आणि लहानसा माथा पाहून खिंडीत परतायला साधारण दोन-अडीच तास पुरतात. दुपारी बारापर्यंत खिंडीत परत येता येणार नाही असे दिसल्यास, असाल तिथून मागे फिरावे.

खिंडीतून साल्हेरची वाटही कातळपायऱ्यांची आहे, पण रुंद आणि भक्कम. दरवाज्यांमागून दरवाजे ओलांडत, कड्याच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या वाटेने माथ्यालगतच्या पठारावर येता येते. येथे गंगासागर तलाव, रेणुकामातेचे मंदिर आणि मुक्कामाजोग्या गुहा आहेत. या किल्ल्याला ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या बारा किल्ल्यांच्या मालिकेत जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यामुळे गडावर राहण्याविषयीचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. परवानगी नसल्यास त्याच संध्याकाळी साल्हेरवाडीत उतरण्याइतका वेळ हाती ठेवावा लागेल.

तिसऱ्या दिवशीची पहाट परशुराम मंदिरासाठी. गुहांपासून अर्ध्या तासात सर्वोच्च टोकावरील हे छोटे मंदिर गाठता येते. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी आख्यायिका आहे. समोर मांगी-तुंगीचे सुळके, मुल्हेर, मोरा, हरगड अशी रांग उभी असते. खालचा मुलूख पाहिला की १६७२ च्या लढाईचे महत्त्व ध्यानात येते. १६७१ मध्ये स्वराज्यात आलेला हा गड मोगलांनी वेढला, तेव्हा मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले. मोगलांच्या मोठ्या फौजेला मराठ्यांनी उघड्या मैदानावर हरवलेली ही लढाई. सूर्यराव काकडे याच रणात पडले.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवाई मोहक असते, पण शेवाळलेल्या पायऱ्या आणि दाट धुके असताना सालोट्याच्या वाटेला जाऊ नये. मार्चनंतर ऊन असह्य होते, टाक्यांतील पाणी आटत जाते. एरवीही माणशी तीन लिटर पाणी गावातूनच न्यावे आणि गडावरचे उकळून प्यावे. कड्यांवर आग्या मोहोळ असल्यास धूर, अत्तर, आरडाओरडा टाळावा.

गटात सहा ते आठ जण पुरेसे. त्याहून अधिक झाल्यास सालोट्याच्या पायऱ्यांवर खोळंबा होतो आणि वरच्यांच्या पायाने सुटलेला दगड खालच्यांवर येतो. वाघांब्यातून माहीतगार वाटाड्या घ्यावा. त्याचे मानधन आदल्या संध्याकाळीच ठरवावे, आणि किती वाजेपर्यंत साल्हेरवाडीत न पोहोचल्यास शोध घ्यायचा, हेही गावात सांगून ठेवावे.