उंबरठ्यावर अडलेलं पाऊल

'एवढा मार खात होती, तर घर सोडून निघाली का नाही?' हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! मुलं, पैसा, लोकलज्जा ही उत्तरं आपल्याला ठाऊक असतात. आणखी एक उत्तर मात्र ती बाई सहसा उघड बोलत नाही. लोक हसतील असं तिला वाटतं. 'मी गेले, तर माझ्या कुत्र्याचं तो काय करील?'

हे उत्तर कायद्याच्या कानी पडायला फार वर्षं लागली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी १८७५ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूर प्रयोगांविरुद्ध संस्था काढली. १८७८ मध्ये त्यांनीच बायकांच्या छळावर जळजळीत लेख लिहिला आणि त्याच वर्षी मारकुट्या नवऱ्यापासून वेगळं राहण्याची सोय कायद्यात झाली. दोन्ही दुःखं एकाच बाईंनी ओळखली होती. पण कायद्यात ती निरनिराळ्या पानांवरच राहिली. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात पीडित स्त्रियांसाठी आसरा सुरू झाला. पुढे असे आसरे अनेक ठिकाणी निघाले. तिथे आई आणि मुलं यांना जागा होती. मांजराला, कुत्र्याला बहुधा नव्हती.

१९९८ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या आसऱ्यातील ३८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे प्राणी होते, त्यांपैकी ७१ टक्के जणींनी सांगितलं, की जोडीदाराने प्राण्याला इजा केली किंवा तशी धमकी दिली. प्राण्यापायी घर सोडणं लांबवलेल्याही काही जणी होत्या. म्हणजे मुका जीव हा बाईला बांधून ठेवण्याचा दोर झाला होता.

मग हालचाल झाली. ब्रिटनमध्ये 'डॉग्ज ट्रस्ट' या संस्थेने २००४ पासून अशा कुत्र्यांना स्वयंसेवकांच्या घरी गुप्तपणे ठेवण्याची सोय केली. २००६ मध्ये अमेरिकेतील मेन राज्याने न्यायालयाच्या संरक्षण आदेशात पाळीव प्राण्यांचाही समावेश केला. २०१८ मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्याने प्राण्यांसह निवाऱ्यासाठी अनुदानाची तरतूद केली.

आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. त्यात पाळीव प्राण्यांचा उल्लेख नाही. तरीही २०२३ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या न्यायालयाने याच कायद्याखाली एका स्त्रीला अंतरिम पोटगी देताना तिच्या कुत्र्यांचा खर्चही विचारात घेतला. तुटलेल्या नात्यांची पोकळी हे प्राणी भरून काढतात, असं न्यायालयाने म्हटलं.

आपणही थोडं करू शकतो. लसीकरणाचं कार्ड आणि परवाना तिच्या नावावर करून घ्यायला सांगावं. नवऱ्याला ठाऊक नसलेल्या घरी त्या जिवाला काही दिवस ठेवून घ्यावं. आणि 'का निघाली नाहीस?' असं विचारण्याऐवजी म्हणावं, 'तू नीघ. त्याला मी सांभाळते.'