कमानिया गेट आणि छोट्या रुळांचे नैनपूर

जबलपूरला बदलून आलेल्या मराठी माणसास कमानिया गेट मुद्दाम दाखवावे लागत नाही. बडा फुहाऱ्याकडे खरेदीस निघालेला माणूस तिच्याखालून जातोच. १९३९ च्या मार्चमध्ये नर्मदाकाठी त्रिपुरी काँग्रेस भरली आणि आजारी सुभाषबाबूंनी तिचे अध्यक्षपद भूषविले. त्या अधिवेशनाची ही स्मृती. कमान उभारली ती आठवण राहावी म्हणूनच. परंतु ज्या वास्तू केवळ काम करण्यासाठी उभ्या राहिल्या, त्यांचे काम संपल्यावर काय करावे, हा प्रश्न अधिक बिकट आहे. सातपुड्याच्या छोट्या रेल्वेने तो आपल्यापुढे ठेवला आहे.

जबलपूरचे लोहमार्गाशी नाते जुने. १८६७ मध्ये अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वे येथवर आली. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून येणारा जी. आय. पी. चा मार्ग तिला येथेच मिळाला आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग झाला. या राजमार्गापुढे बंगाल-नागपूर रेल्वेचा सातपुडा मार्ग म्हणजे पायवाटच! रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. डोंगराळ मुलखात वळणे घेणे सोपे जावे व खर्च आटोक्यात राहावा, म्हणून हे माप पसंत पडले. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट व नैनपूरमार्गे हे रूळ जबलपुरास येऊन पोचले.

या मार्गाचे हृदय मंडला जिल्ह्यातील नैनपूर. जबलपूर, गोंदिया, छिंदवाडा आणि मंडला अशा चार दिशांच्या गाड्या तेथे एकत्र येत. वाफेच्या इंजिनाला पाणी, कोळसा व विश्रांती तेथेच मिळे. राख काढणे, बंब धुणे, गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी आग पेटविणे, ही कामे रात्रंदिवस चालत. गाव रेल्वेमुळे वाढले, आणि त्याचा दिवस शिट्टीवर उगवे व मावळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आम्हां मराठी मंडळींना या मार्गाचे अगत्य वाटते, त्यास कारण आहे. इंग्रजी अंमलापूर्वी हा मुलूख काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे विदर्भ व जबलपूर यांचे दळणवळण वाढले. १९५६ च्या पुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली, जबलपूरच्या वाट्यास उच्च न्यायालय आले आणि विदर्भ वेगळ्या राज्यात पडला. राज्याची सीमा मधे आली. रूळ मात्र गोंदियापर्यंत पूर्ववत जात राहिले.

२०१५ मध्ये जबलपूर-नैनपूर मार्गावरील छोटी गाडी थांबली. रूळ उखडून मोठे घालणे आवश्यकच होते. वेळ आणि मालवाहतूक यांची गरज कोण नाकारील? नव्या मार्गात जबलपूरचे हाऊबाग स्थानक मात्र मागे पडले. नैनपूरचे दैव त्या मानाने बरे. तेथे छोट्या रेल्वेचे संग्रहालय झाले. नागपूरच्या मोतीबागेत असेच संग्रहालय २००२ च्या डिसेंबरात उघडले होते. तेथे मुले इंजिनावर चढतात, डब्यांना हात लावून पाहतात. हे निश्चितच स्तुत्य आहे.

तरीही आम्हांस एक उणीव जाणवते. संग्रहालयात इंजिन राहते. इंजिनाची आग राखणारा फायरमन राहत नाही. रूळ राहतो, पण पावसात कंदील घेऊन तो तपासणारा गँगमन राहत नाही. वास्तूचा पुनरुपयोग म्हणजे तिला केवळ रंग देणे नव्हे. तेथे झालेल्या श्रमांचीही नोंद हवी. या मार्गावर नोकरी केलेले वृद्ध आज आपल्याच वस्त्यांतून आहेत. आपल्या महाराष्ट्र मंडळांनी व्याख्यानमालेतील एखादी संध्याकाळ त्यांना द्यावी आणि त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. ते काम दहा वर्षांनी करू म्हटल्यास सांगणारेच उरणार नाहीत.

कमानिया गेट टिकले, ते त्यावर कोरलेल्या स्मृतीपेक्षा त्याखालून रोज वाहणाऱ्या गर्दीमुळे. नैनपूरच्या जुन्या आवारालाही अशी जिवंत वर्दळ लाभावी, आणि तेथे येणाऱ्या मुलास इंजिनाच्या नावाबरोबर ते चालविणाऱ्या माणसाचेही नाव वाचता यावे.