तांबडा, पिवळा, निळा : मोटारीच्या पेटीवरील तीन दिव्यांचा इतिहास

१/
अर्धापूरच्या शिवारातील केळीच्या बागेत गेलात, तर आखाड्याच्या भिंतीवर किंवा विहिरीकाठच्या खांबावर एक लोखंडी पेटी दिसेल. तीत मोटारीचा स्टार्टर असतो आणि दर्शनी बाजूस तीन लहान दिवे : तांबडा, पिवळा, निळा. हे दिवे तेथे का आले आणि ते नेमके काय सांगतात, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/
आरंभ पाण्यापासून. केळीला वर्षभर ओलावा लागतो. एकेकाळी विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने निघे. पुढे ऑइल इंजिन आले आणि त्यानंतर विजेची मोटार. इसापूर धरणाच्या कालव्याने या भागाचे रूप पालटले. तरीही कालव्याचे पाणी पाळीने येते. दोन पाळ्यांच्या मधले दिवस विहीर आणि मोटार यांच्याच भरवशावर काढावे लागतात.

३/
वीज मात्र येथे उशिरा पोहोचली. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज १९१५ मध्ये मुंबईला मिळू लागली, तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९७१ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र सुरू झाले. शेतापर्यंत तारा आल्या, त्या या क्रमाने.

४/
शेतातील मोठ्या मोटारीला तीन फेज लागतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांत सुमारे २३० व्होल्ट, तर दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो. फेज ओळखण्यासाठी तांबडा, पिवळा, निळा हे रंग आपण ब्रिटिश प्रथेतून घेतले. गंमत अशी की, खुद्द ब्रिटनने २००४ पासून ते सोडून तपकिरी, काळा आणि करडा हे रंग स्वीकारले. आपल्या पेट्यांवर मात्र जुनेच रंग नांदत आहेत.

५/
आता संकट पाहा. तीनपैकी एक फेज गेला आणि तशातच बटण दाबले, तर मोटार फिरत नाही. नुसती घुमते आणि प्रचंड प्रवाह ओढते. चालू असताना फेज गेला, तर ती फिरत राहते, पण त्याच भारासाठी उरलेल्या दोन फेजांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो. थोड्याच वेळात वाइंडिंग जळते. मग मोटार वर काढा, तालुक्याला न्या, भरून आणा. ऐन वैशाखात बाग तितके दिवस कोरडी राहते.

६/
म्हणून बटण दाबण्यापूर्वी तिन्ही फेज आहेत की नाहीत, हे कळण्याची सोय हवी होती. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एकेक दिवा जोडायचा, ही ती सोय. आरंभी हे काम तारेचे साधे बल्ब करीत. ते तापत आणि लवकर जात. पण त्यांचा एक गुण होता, दाब कमी झाला की ते मंद होत.

७/
पुढची पायरी निऑनची. १८९८ मध्ये लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी हा वायू शोधला. १९१० मध्ये जॉर्ज क्लोदने पॅरिसमध्ये निऑनचे दिवे दाखवले. १९१७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील डॅनियल मूरने त्याचा बोटभराहून लहान दिवा घडवला. वायरमनच्या टेस्टरमध्ये मिणमिणतो तो याच कुळातला. मात्र निऑनचा स्वतःचा प्रकाश नारिंगी-तांबडाच. त्याला निळे टोपण घातले की उजेड फिका पडे.

८/
त्यानंतर एलईडी. तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. पिवळा जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ मध्ये. तेजस्वी निळ्यासाठी १९९३ उजाडले. तो जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी साधला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना मिळाले. पेटीवर शेजारी बसलेले हे तीन रंग जन्माने एकमेकांपासून तीस वर्षांच्या अंतरात विखुरलेले आहेत.

९/
जाणता वायरमन हे दिवे लिपीसारखे वाचतो. मोटार बंद असताना एकच दिवा विझलेला असेल, तर तो बहुधा डीपीवरचा एक फ्यूज उडाल्याचे ओळखतो. एक दिवा पूर्ण आणि दोन मंद असतील, तर दोष डीपीच्या पलीकडे, ११ हजार व्होल्टच्या बाजूस असतो. तिकडची एक तार तुटली की इकडे एका फेजला पुरा, तर दोघांना अर्धा दाब मिळतो. जुना बल्ब हा फरक स्पष्ट दाखवी. अनेक एलईडी दिव्यांत तो सहज नजरेस येत नाही.

१०/
इतिहासात प्रत्येक साधनाला आपण विचारतो : तुला काय ठाऊक आहे आणि काय नाही? हाच प्रश्न या दिव्यालाही विचारावा. त्याला केवळ दाब कळतो, प्रवाह कळत नाही. चालू मोटारीचा एक फेज तुटला, तर फिरती मोटार त्या तुटक्या तारेवर स्वतःच दाब निर्माण करते आणि दिवा लागलेलाच राहतो. म्हणून केवळ दिव्यांवर न विसंबता प्रवाहातील असमतोल ओळखून मोटार बंद करणारी उपकरणे बसवावी लागली.

११/
दुसरी मर्यादा जिवाशी खेळणारी आहे. विझलेला दिवा म्हणजे वीज नाही, असे मुळीच नव्हे. दिवा स्वतःच जळालेला असेल, न्यूट्रल सुटलेला असेल, किंवा एका फेजचा दिवा विझलेला असून उरलेले दोन जिवंत असतील. मुख्य स्विच पाडून, टेस्टरने प्रत्येक तार तपासल्यावाचून पेटीत हात घालू नये; आणि तो टेस्टरही आधी चालू तारेवर पारखून घ्यावा.

१२/
या दिव्यांना वेळापत्रकाचाही इतिहास आहे. महावितरणच्या चक्राकार पद्धतीत शेतीला दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास थ्री फेज वीज मिळत आली. रात्रीची पाळी असली की अंधारात, ओल्या बांधावरून, पेटीकडे पाहत जायचे. काहींनी ऑटो स्विच बसवले. पण वीज येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीच जळतो, म्हणून महावितरण त्यांना विरोध करते. आपल्याकडे आजही ‘वीज आली’ न म्हणता ‘लाईट आली’ म्हणतात. शेतात त्या शब्दाचा अर्थ हे तीन ठिपके.

१३/
२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. शेतीला दिवसा वीज देणे हा तिचा हेतू. शेतांत सौर पंपही वाढत आहेत आणि त्यांच्या पेटीवर तीन रंगांऐवजी आकड्यांचा पडदा असतो. जुन्या पेट्या हळूहळू भंगारात जातील. तुमच्या शेतात अशी पेटी असेल, तर तिचे छायाचित्र काढा आणि ती कोणत्या वर्षी बसवली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली लिहा. गावात वीज कधी आणि कशी आली, याची अशी नोंद दुसरे कोणी करणार नाही.